ओरखडा खुर्द, खर्च बुद्रुक

माझी सासुरवाडी पेण तालुक्यातली, गागोदे बुद्रुक. हे नाव ऐकलं की जुन्या पिढीतला माणूस नकळत हात जोडतो, कारण ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे या गावात जन्मले. नव्या पिढीतला माणूस विचारतो, "गाडी घरापर्यंत जाते का?" या लेखाचा संबंध दोघांशीही आहे.

'बुद्रुक' हा 'बुजुर्ग' या फारसी शब्दाचा आपल्याकडे रुळलेला अवतार. म्हणजे थोरलं. 'खुर्द' म्हणजे धाकटं. एका नावाची दोन गावं झाली की थोरलं बुद्रुक आणि धाकटं खुर्द, अशी वाटणी महाराष्ट्रभर झालेली आहे. लग्नाला अठरा वर्षं होऊनही मला त्यात गावांच्या पाट्यांपलीकडे काही दिसलं नव्हतं. गेल्या मे महिन्यात माझ्या गाडीच्या मागच्या बंपरला ओरखडा आला आणि लक्षात आलं, की संसारातल्या यच्चयावत संकटांची हीच वाटणी आहे. ओरखडा खुर्द असतो. त्याच्याभोवती जमणारी माणसं, त्यांचे सल्ले आणि शेवटी येणारं बिल, हे सगळं बुद्रुक.

घडलं ते असं. सासऱ्यांच्या घराकडे जाणारी आळी बैलगाडीच्या मापाने आखलेली आहे. बैलगाडीला बाहेर आलेले आरसे नसतात, आणि बैलांना रिव्हर्स टाकायला कोणी सांगत नाही. आळीच्या वळणावर चुलतसासऱ्यांच्या घराचं दगडी जोतं वीतभर पुढे आलेलं आहे. मी गाडी मागे घेत होतो. मेहुणा मागे उभा राहून मला 'घेत' होता. सेन्सर ओरडत होता. पण तो आळीत शिरल्यापासून ओरडत असल्यामुळे त्याचं कोणी मनावर घेतलं नाही, घरातल्या म्हाताऱ्या आत्याबाईंसारखं. आमचा संकेत ठरलेला होता: डिकीवर एक थाप म्हणजे येऊ द्या, दोन थापा म्हणजे थांबा. पहिली थाप मेहुण्याची होती. दुसरी जोत्याची.

चुलतसासरे बाहेर आले. त्यांनी आधी वाकून जोतं पाहिलं, त्यावरून हात फिरवला आणि मला धीर दिला, "काय नाय झाला जोत्याला, जावयबापू. घाबरू नका."

मी भीत भीत म्हटलं, "काका, हे जोतं वीतभर मागे घेता आलं असतं तर..."

आता गंमत बघा. ज्या गावात जन्मलेल्या माणसाला १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत शंभर एकरांचं पहिलं दान मिळालं, ज्याने पुढे तेरा वर्षं देश पायी पालथा घालून जमीनवाल्यांकडे सहावा हिस्सा मागितला आणि लाखो एकर मिळवले, त्या गावात जावयाला वीतभर जमीन मिळेना. काकांचा युक्तिवाद मात्र बिनतोड होता. ते म्हणाले, "विनोबांना द्यायला काय झाला? ते चालत येयाचे. चालत येणाऱ्याला जोता लागतो कशाला?"

तोवर आळी जमली होती. ओरखड्याचं माप सांगतो: लांबी एक वीत, रुंदी करंगळीच्या नखाएवढी, मध्ये दोन ठिकाणी रंग पार उडून काळं प्लॅस्टिक दिसणारं. पण आळीने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं पहिल्या पावसात कोसळलेल्या दरडीकडे पाहतात. एकाने खाली वाकून वास घेतला. कशाचा, ते मी विचारलं नाही.

पहिला उपचार सासूबाईंनी केला. त्यांनी आतून खोबरेल तेलाची वाटी आणली आणि बोटाने ओरखड्यावर चोळलं. आणि काय सांगू, ओरखडा दिसेनासा झाला! मी विज्ञानवादी माणूस, पण क्षणभर माझा आयुर्वेदावरचा विश्वास बुद्रुक झाला. नंतर कारण कळलं. बारीक ओरखडा पांढरा दिसतो तो रंग गेल्यामुळे नव्हे, तर त्याच्या खरखरीत कडांवर उजेड विखुरला जातो म्हणून. तेलाने ती चर भरली की उजेड विखुरायचा थांबतो आणि पृष्ठभाग गुळगुळीत भासतो. बाजारातली पुष्कळशी 'स्क्रॅच गायब' मलमं हेच करतात. फक्त त्यांची वाटी महाग असते. तेलाचा गुण गाडी धुवेपर्यंत. सासूबाईंचा त्यावर तोडगा होता, "मग धुवू नका."

दुसरा शोध मेहुण्याने लावला. फडक्याला थोडं थिनर लावून त्याने एक हलका हात फिरवला, आणि निम्मा ओरखडा फडक्यावर आला. तो माझा नव्हताच. जोत्याचा होता. जोत्याला दिवाळीत लावलेला गेरू माझ्या बंपरवर उतरला होता. हे गाडीवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे: ठोकर लागली की आपण नुकसान मोजतो, पण बऱ्याचदा ते नुकसान नसून आवक असते. समोरच्याचा रंग, चुना, गेरू आपल्याकडे जमा झालेला असतो. आधी तो परत करावा, मग आपलं काय गेलं ते बघावं. मात्र थिनरचं फडकं चोळत बसू नये. पाहुणा जाईपर्यंत यजमानही जातो.

उरलेल्या ओरखड्याची परीक्षा नखाने करतात. गाडीच्या रंगाचे मुख्य थर तीन: खाली प्रायमर, त्यावर रंग, त्यावर काचेसारखा पारदर्शक लॅकर. हे सगळे थर मिळून जाडी साधारण एक दशांश मिलिमीटर, म्हणजे पोस्टकार्डापेक्षा पातळ. ज्या 'झगझगीत' गाडीसाठी आपण पाच वर्षं हप्ते भरतो, त्यातली झगझग एवढीच. ओरखड्यावरून नख आडवं फिरवावं. नख सरकलं तर जखम लॅकरपुरती. कंपाउंड मारून भागतं. नख अडकलं तर रंगापर्यंत गेली. माझं नख अडकलं. मग सासऱ्यांचं अडकलं, काकांचं अडकलं, मेहुण्याचं अडकलं. शेजारच्या पोराने खिळा घेऊन पाहिलं, तेव्हा परीक्षा थांबवण्यात आली.

त्या रात्री ओटीवर बसून मी बंपर या वस्तूचा विचार केला. बंपर म्हणजे धक्का सोसणारा. नावच तसं आहे. पूर्वी ॲम्बॅसेडरला, फियाटला पोलादी, चकचकीत क्रोमचे बंपर असत. धक्का लागला तर समोरच्याला लागे. बंद पडलेली गाडी ढकलताना चार माणसं तो धरायची, पोरं त्यावर उभी राहायची. अमेरिकेत १९७३ च्या मॉडेलांसाठी नियमच झाला, की ताशी पाच मैल वेगाने समोरून धडक बसली तरी दिवे वगैरे शाबूत राहिले पाहिजेत. १९८२ मध्ये तो नियम अडीच मैलांवर आला. माणसाची सहनशक्ती सगळीकडे अशीच निम्मी होत गेली. मग बंपर प्लॅस्टिकचे झाले. इथवर ठीक होतं. काळं प्लॅस्टिक, ओरखडा आला तर काळ्यावर काळा. पण नंतर कोणाला तरी वाटलं, बंपर गाडीच्याच रंगाचा हवा. ढालीला पैठणी नेसवली आणि मग लढाईपेक्षा पदराची काळजी सुरू झाली. आज धक्का सोसणारा खरा दांडा असलाच तर आत कुठेतरी असतो. बाहेर दिसतो तो त्याचा सदरा. आपण सदऱ्याला ठिगळ लावायला साडेतीन हजार देतो.

सदऱ्याला धक्का लागू नये म्हणून पुढे लोकांनी त्याच्यावर लोखंडी नळ्यांचं गार्ड बसवलं. बंपरला बंपर! डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवलं, की हे बुल बार बेकायदा आहेत, कारवाई करा. आणि खरंच, पायी चालणाऱ्याला ते घातक. एअरबॅगच्या कामातही ते अडथळा आणू शकतात. म्हणजे सदरा वाचवायला घातलेलं चिलखत माणसाच्या जिवावर.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याने जाहीर केलं, "भावोजी, गॅरेज नको. आपण घरी करू." सासऱ्यांनी त्याला इतिहासाचा आधार दिला. विनोबांचे वडील नरहरपंत बडोद्याला होते आणि कापडाच्या रंगाईचे प्रयोग करायचे. "रंग या गावाच्या रक्तात आहे," सासरे म्हणाले. भावे कुटुंबाशी आमचा काही संबंध नाही, हे मी सांगितलं नाही. आणि कापडाची रंगाई आणि बंपरची रंगाई यात एक मूलभूत फरक आहे, तो मला तेव्हा ठाऊक नव्हता: कापडाला रंग हवा असतो. बंपरला नको असतो.

बहुतेक बंपर पॉलिप्रॉपिलीनचे असतात. आतल्या बाजूला बारीक अक्षरांत 'पीपी' असा शिक्का सापडतो. बादल्या, डबे, बाटल्यांची झाकणं याच प्लॅस्टिकची. न्हाणीतल्या बादलीला ऑइलपेंट लावून पाहा. आठ दिवसांत तो पापड सोलावा तसा निघेल. या प्लॅस्टिकला कशाशीच चिकटून राहण्याची ओढ नाही. ते मूळचंच निःसंग, म्हटलं तर विनोबांच्या गावाला साजेसं. म्हणून उघड्या पडलेल्या जागेवर आधी प्लॅस्टिकसाठीचा खास प्रायमर द्यावा लागतो. तो मध्यस्थ नसला की रंग आणि बंपर यांचं लग्न पहिल्या पावसात मोडतं.

मेहुण्याला प्रायमरपर्यंत जायचंच नव्हतं. त्याने कोणत्या तरी सुताराकडून दरवाजे घासायचा पॉलिश पेपर आणला होता. १२० नंबरचा. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. पॉलिश पेपरचा हिशेब उलटा असतो. नंबर जितका मोठा तितका कागद मऊ. गाडीच्या रंगाला १०००, १५००, २००० असे नंबर लागतात, तेही पाण्यात भिजवून आणि बोटाने नव्हे, तर सपाट ठोकळ्यावर गुंडाळून. थोडक्यात, नंबर खुर्द तर ओरखडा बुद्रुक. मेहुण्याने कोरड्या १२० नंबरने तीन हात मारले. मी ओरडेपर्यंत वीतभराचा ओरखडा ताटलीएवढा झाला होता. तो मागे सरून पाहत म्हणाला, "आता निदान कळतं तरी, काय झालंय ते."

मग पेणला गॅरेज. तिथल्या मिस्त्रीने गाडीभोवती एक फेरी मारली. डॉक्टर आणि डेंटिंग-पेंटिंगवाले बोलण्याआधी 'च्' करतात. तो म्हणाला, "साहेब, डाग नाय मारत आम्ही. अख्खा बंपर मारावा लागेल." मला वाटलं, हा मला लुटतोय. पण त्याचं खरं होतं. माझी गाडी चंदेरी. चंदेरी रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. ते कसे आडवे-तिरपे बसतात यावर छटा ठरते. कंपनीत यंत्राने मारलेले कण वेगळे बसतात, आपण ब्रशने लावलेले वेगळे. त्यामुळे एकाच डब्यातला रंग समोरून जुळतो आणि बाजूने पाहिलं की काळसर दिसतो. शिवाय मध्येच थांबवलेल्या लॅकरची कड डोळ्यात भरते. म्हणून रंगारी पॅनेलच्या शिवणीपर्यंत जातात. पांढरी गाडी, चंदेरी गाडी अशा दोनच जाती मानणाऱ्याने कधी रंगाच्या दुकानात चंदेरीचे नमुने पाहावेत. लग्नाच्या साड्या त्यापुढे सोप्या.

"आणि पावसाच्या आधी आणा," तो म्हणाला. हवेत ओल असली की थिनर उडताना रंगावर पाणी धरतं आणि चकाकीवर पांढुरकी साय येते. एक वयस्क रंगारी कोपऱ्यात बसला होता. तो अजूनही स्प्रेच्या रंगाला 'ड्युको' म्हणत होता. ड्यु पाँट कंपनीचा हा झटपट सुकणारा लॅकर १९२० च्या दशकात मोटारींवर आला. त्याआधी मोटार रंगवायला आठवडे लागत; त्याने ते काम दिवसांवर आणलं. शंभर वर्षांनी माझ्या बंपरला पुन्हा आठवडा सांगितला गेला, कारण लग्नसराईत मिस्त्रीचा हेल्पर गावी गेला होता.

किंमत साडेतीन हजार. पनवेलच्या एका वर्कशॉपने फोनवर जवळजवळ दुप्पट सांगितली. विम्याचा विचार केला. विम्याचा हिशेब असा: छोट्या गाडीला पहिले हजार रुपये आपल्या खिशातून. रंगाच्या सामानावर निम्मा घसारा. बंपरच बदलायचा म्हटला तर प्लॅस्टिकवरही निम्मा घसारा, मग तो काल बसवलेला का असेना. विम्याच्या लेखी प्लॅस्टिक जन्मतःच अर्धमेलं. आणि वर 'नो क्लेम बोनस' जातो, जो पहिल्या बिनदाव्याच्या वर्षानंतर २० टक्के असतो आणि पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढतो. माझा पन्नासावर पोहोचला होता. पाच वर्षं कोणाला धक्का न लावता मिळवलेली पुण्याई एका जोत्यावर खर्च करायची? मी विमा मिटवून ठेवला.

शेवटी बायकोने तिच्या मावसभावाला फोन केला. तो हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात मे महिना म्हणजे गणपतीचाच महिना. घराघरांत कंप्रेसर घुरघुरत असतात आणि स्प्रेगनमधून शेकडो मूर्तींवर अंगाचा रंग उतरत असतो. मी बघितलं, तोच कंप्रेसर, तीच गन. मला सुटका दिसली. म्हटलं, "दादा, एवढं चंदेरी मारून टाक. तुमच्या मुकुटाचं चालेल."

तो हसला. "भावोजी, आमचा रंग अनंत चतुर्दशीपर्यंत टिकायचा असतो. त्यापुढं पाण्यात गेला पायजे."

माझ्या आयुष्यात रंगाविषयी यापेक्षा शहाणं वाक्य मी ऐकलेलं नाही. पण बायकोचा शब्द त्याला मोडता येईना. त्याने मला गाडीच्या दाराच्या खांबावरच्या पट्टीतला रंगाचा कोड बघायला लावला, त्या कोडची टचअपची बाटली, प्लॅस्टिकचा प्रायमर आणि लॅकर आणायला पाठवलं, आणि पुढच्या रविवारी गागोद्याला आला. बरोबर स्प्रेगन नव्हती. एका डबीत दोन बारीक ब्रश होते. मूर्तीचे डोळे आखायचे.

त्याने आधी साबणाच्या पाण्याने बंपर धुतला. सासूबाईंचं तेल निघायलाच अर्धा तास गेला. मग १००० नंबरचा कागद भिजवून मेहुण्याचं कर्तृत्व हळूहळू पुसलं. भोवती टेप लावून वर्तमानपत्र चिकटवलं. माझ्या डिकीवर 'वधू पाहिजे'चा रकाना झळकू लागला. काळं दिसत होतं तिथे प्रायमर. मग बाटली दोन मिनिटं हलवली, कारण चंदेरीतले कण तळाशी बसतात आणि न हलवता लावला तर वरचा नुसता पाणचट रंग लागतो. "एक जाड हात मारायचा नाय," तो म्हणाला. "तीन पातळ. मधी थांबायचं. लोकांना थांबायचं जमत नाय, म्हणून रंग बिघडतो."

आळी पुन्हा जमली होती, पण या वेळी कोणी बोलेना. तो उकिडवा बसला, श्वास रोखला आणि ब्रशचं टोक ओरखड्याच्या एका कडेवर टेकवलं. पोरं गप्प. काकासुद्धा आपल्या जोत्यावर हात ठेवून गप्प. शेवटचा हात मारून त्याने ब्रश उचलला आणि माझ्या सासूबाईंनी सवयीने हात जोडले. मग त्यांच्या लक्षात आलं, आपण बंपरला नमस्कार केला. त्या आत गेल्या आणि पोह्यांना फोडणी घातली.

आठवड्यानंतर मी घरी २००० नंबरचा हलका हात फिरवून कंपाउंड मारलं. काम उत्तम झालं. दोन हातांवरून काही दिसत नाही. भर दुपारी, डावीकडून, मान वाकडी करून पाहिलं तर काळसर सावली दिसते. आणि आमच्या सोसायटीत प्रत्येक जण नेमका तसाच पाहतो. मावसभावाने मजुरी घेतली नाही. म्हणाला, "मूर्ती पाच हातांवरून बघतात, भावोजी. गाडी पण तेवढीच लांबून बघा." प्लॅस्टिक गंजत नाही. ओरखडा तसाच ठेवला असता तरी बंपरचं काहीही बिघडलं नसतं. एवढा सगळा खटाटोप बंपरसाठी नव्हता, बंपरच्या मालकाच्या तोंडासाठी होता.

तेव्हा वाचकहो, एवढं लक्षात ठेवा. आधी पुसा. नख सरकलं तर कंपाउंड. नख अडकलं तर टचअप. काळं दिसलं तर प्रायमर. ताटलीएवढं झालं तर रंगारी. आणि मेहुण्याच्या हातात १२० नंबरचा कागद दिसला तर तो काढून घ्या.

मी आता गाडी वेशीजवळ सावलीत लावतो आणि सासुरवाडीला चालत जातो. तिथून घर तीनशे चाळीस पावलांवर आहे. काकांचं जोतं अजून तिथेच आहे, आणि चालताना ते खरंच लागत नाही.